आमरीच्या भाषणांचा उन्हाळा

शेंद्र्या आंबा पाडाला आला की माझ्या मैत्रिणीचा, रशीदाचा पोरगा सलीम दोर, टोपली आणि काठीला जाळी बांधलेला झेला घेऊन येतो. सलीमच्या डोक्यावर आता माझ्याइतकेच पांढरे केस आहेत, पण झाडावर तो अजून खारीसारखा चढतो. त्यांचं घर बागवानांचं. माझ्या सासऱ्याच्या वेळेपासून आमच्या गावचे आंबे तेच उतरवतात. खाली पालापाचोळ्यावर टपकन एखादा पाड पडतो, चीक हाताला लागतो, कोपरापर्यंत कातडी खाजते. घरात आंबे पिकवायच्या माचासाठी गव्हाचं काड पसरलेलं असतं आणि सून कणकेचे, शेवयांसारखे सरगुंडे वळत बसलेली असते. रस आणि सरगुंडे खाल्ल्यावर माणूस दुपारी कुणाच्या कामाचा राहत नाही. अशाच दुपारी मला तो उन्हाळा आठवतो, ज्या उन्हाळ्यात आमच्या गावात फुलांवर भाषणं झाली.

आमच्याकडे गावरान आंब्याच्या झाडाला नाव असतं. शेंद्र्या म्हणजे ज्याचं फळ शेंदरासारखं लाल होतं. गोटीचं फळ लहान, गोल आणि गोड. खोबऱ्या कच्चाच खावा. शेप्याला शेपूचा वास येतो, तो कुणालाच आवडत नाही, पण लोणच्याला तोच लागतो. कलमी आंब्याचं नाव रोपवाटिकेतून चिठ्ठीवर लिहून येतं. आमच्या झाडांची नावं कुणीतरी आधी फळ खाऊन ठेवलेली आहेत.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण झाडाच्या बाबतीत गावात माझा शब्द चालायचा. बांडगूळ काढावं तर सुभद्राबाईने, असं लोक म्हणत. बांडगूळ कसं येतं हे मला सासूने दाखवलं होतं. एवढासा पक्षी त्याचं चिकट फळ खातो, चोच फांदीला पुसतो, आणि तिथं बी रुजतं. मग ते फांदीतच मूळ घालतं, झाडाचं पाणी पितं, आणि पुढची फांदी वाळवून टाकतं. नवरा गेल्यावर सात झाडं माझ्या अंगावर आली. मी दर उन्हाळ्यात आंबे उतरवताना सगळं साफ करून घ्यायची. फांदीवर फांदीचं नसलेलं काही दिसलं की काढ. माझी झाडं बघून लोक म्हणत, न्हाऊन बसलेल्या बायांसारखी दिसतात. मला ते ऐकायला आवडायचं. नाही का म्हणू?

त्या वर्षी ग्रामपंचायतीने समाजमंदिरात नवीन कूलर बसवला होता. सरपंचबाईंनी बचत गटातल्या बायकांना निरोप धाडला, तीन रविवार बुलढाण्याच्या कॉलेजातल्या मॅडम येणार, ऑर्किड या विषयावर पाहुण्यांचं भाषण होणार, सगळ्यांनी यावं.

"ऑर्किड म्हंजे काय व?" रशीदाने विचारलं.

"असन काही खताचं."

"मंग मी नाई येत."

"कूलर आहे."

"मंग येतो."

अशा रीतीने आम्ही ज्ञान घ्यायला गेलो.

मॅडमचं आडनाव इंगळे. तिशीतली, काटकुळी, उन्हानं काळवंडलेली पोरगी. एसटीने आली होती. खांद्याला पिशवी आणि हातात एक टोपली. टोपलीत लाकडाचा एक ढलपा, आणि ढलप्यावर नारळाच्या काथ्याने बांधलेलं एक झाड. ना कुंडी, ना माती. जाड, पन्हाळीसारखी दुमडलेली पानं, आणि खाली बोटभर जाडीची पांढरी मुळं मोकळी लोंबत होती. ती म्हणाली, "ऑर्किडला आपल्याकडे आमरी म्हणतात. ही इथलीच आहे, आपल्या घाटातली. हिला मातीत लावलं की ती मरते."

"बिना मातीचं खाते काय मंग?" मागून एकीने विचारलं.

"हवेतला ओलावा. पावसाचं पाणी. सालीवरून वाहून आलेला केरकचरा."

"हवेवर जगते? आमच्या जावयाले आठ दिवस हिच्याजवळ बसवा बरं, मॅडम."

समाजमंदिर हसलं. मॅडमही हसली. मग तिने आमरी कशी वाढवायची ते दाखवलं. लाकूड खरबरीत घ्यायचं, मुळं दाबायची नाहीत, जुन्या लुगड्याच्या चिंधीने बांधलं तरी चालतं, सकाळी पाणी शिंपडायचं, दुपारचं ऊन टाळायचं. सगळं ठीक चाललं होतं. पण मला ते झाड ओळखीचं वाटत होतं, आणि ओळखीचं माणूस दिसलं की मला गप्प बसवत नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "हे त बांडगूळ होय. मागच्या वर्षी याचे दोन टोपले म्या चुलीत घातले. जळत बी नाई बरोबर. नुसतं धुपते."

पुन्हा सगळे हसले. या वेळी मॅडम हसली नाही.

"आजी, दोन टोपले?"

"हाव. दाबून भरलेले."

"आता तुमच्या झाडांवर एखादी आहे?"

"एक बी नाई," मी छाती काढून सांगितलं.

ती खुर्चीवर बसली. मग तिने सांगितलं की दोन उन्हाळे ती घाटापासून खाली वडनेर भोलजीपर्यंत गावोगाव फिरून जुनी आंब्याची झाडं बघते आहे. आमरीचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका शेंगेत हजारोंनी असतं, पण त्या बियात स्वतःची शिदोरी नसते. सालीवर एक खास बुरशी असली तरच ते रुजतं. एखाद्या आमराईतून आमरी संपली की परत येणं फार अवघड. तिला या भागात निदान एक जिवंत, फुलणारं झाड हवं होतं, जिथं आहे तिथंच राहिलेलं. भाषणं करणं हे तर गावात शिरायचं निमित्त होतं. आमरी कुणाला दिसली आहे का हे तिला विचारायचं होतं, आणि पहिलंच उत्तर तिला माझं मिळालं.

मला पश्चात्ताप वगैरे झाला नाही. राग आला. चाळीस वर्षं केलेलं काम कुणी भर समाजमंदिरात, आणि तेही काही न बोलता, चुकीचं ठरवलं की राग येणारच. घरी येऊन मी शेळीला पाला टाकला, आणि तिथंच हात थांबला. बांडगूळ काढलं की मी ते शेळीपुढे टाकायची. बांडगुळाचा पाला शेळी भांडून खाते. पण हे जाड पानांचं जे निघायचं, त्याला तिने कधी तोंड लावलं नाही, म्हणून तर ते चुलीत जायचं. शेळीला फरक कळत होता. शेळी एक दिवसही शाळेत गेलेली नाही.

दुसऱ्या रविवारी मी गेले. रशीदा म्हणाली, "काऊन व, कूलरसाठी?" मी म्हटलं, "हाव." पण मॅडमने बोलायला सुरुवात केली आणि लाइट गेली. कूलर बंद पडला तशी अर्धी सभा उठली. पडद्यावरची चित्रंही गेली. मग मॅडमने पदराने वारा घेत तोंडीच इतिहास सांगितला, आणि मला तो चित्रांपेक्षा बरा वाटला.

जुन्या काळी म्हणे साहेब लोकांना या फुलांचं वेड लागलं होतं. एकेका फुलासाठी माणसं जंगलात पाठवायची. उंच झाडावरची आमरी हाताला येत नाही म्हणून अख्खं झाडच तोडायचं, आणि मग पेट्या भरभरून बोटीने न्यायच्या. निम्म्या वाटेतच सडायच्या. आणि आपल्याकडे वैद्य तिची मुळं सांधेदुखीच्या तेलात घालत, रास्ना म्हणून.

"म्हंजे तुह्या गुडघ्याचं औषिद तू चुलीत घातलं," रशीदा माझ्या कानात बोलली.

मी तिला गप्प केलं, कारण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. साहेबांनी आमरीसाठी झाड पाडलं. मी झाडासाठी आमरी काढली. त्यांना फुलाची हाव होती, मला झाडाची काळजी. पण संध्याकाळी दोघांच्याही जंगलात आमरी नाही, हे एकच. चांगल्या हेतूने केलेल्या नासाडीला वेगळा हिशेब नसतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी घामाघूम बसल्या बसल्या ते लक्षात आलं.

घरी येताना रशीदा म्हणाली, "सुभद्रा, एक सांगू? देवरावच्या गोटीवर आहे ते. सलीमनं परवा पाह्यलं, अंदाज घ्याले चढला होता तेव्हा. फुलावर आहे म्हणते. पण देवरावनं त्याले सांगून ठेवलं, आंबे उतरवशीन तेव्हा वरचं समदं साफ कर."

"कधी उतरवून राह्यला?"

"येता सोमवार सोडून पुढच्या."

देवराव माझा चुलत दीर. मी उलट पावली समाजमंदिरात गेले आणि एसटीची वाट बघत बसलेल्या मॅडमला उठवून त्याच्या शेतात नेलं. गोटी बांधावर उभी आहे, मोठी जुनी. मॅडमने मान वर केली आणि तशीच उभी राहिली. दुफांगीच्या बेचक्यात ती बसली होती, चांगली हातभर पसरलेली, आणि तिच्यातून फुलांचा एक तुरा वर आला होता. मॅडम रडली वगैरे नाही, ते एक बरं झालं. तिने फक्त पिशवीतून वही काढली, उलटी धरली, मग सुलटी केली.

देवराव विहिरीवरून आला. मी त्याला सांगितलं, हे काढू नका.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याला लोणच्यात साखर घालायला सांगितली. "वहिनी, हे तुमी म्हणता? वीस वर्ष झाले, ही गोटी अर्धी वाळली होती. तुमीच आल्या न मले शिव्या देऊन बांडगूळ काढाले लावलं. म्हून ती वाचली. तवापासून मी एक पान राहू देत नाई. हे दुफांगीत दडलं, म्हून राह्यलं."

"ते बांडगूळ होतं. हे आमरी आहे."

"वीस वर्ष तुमी एक सांगतलं. आता कॉलेजची पोरगी आली त दुसरं. मी कोणाचं ऐकू? पयल्या वहिनीचं का दुसऱ्या?"

मॅडमने त्याला समजावलं, हे झाडाचं काही पीत नाही, नुसतं बसतं. देवराव म्हणाला, "बसणारे सगळे असंच म्हणतात." आणि पंपाकडे निघून गेला. गावात माझं ऐकणारा माणूस म्हणून मला त्याचा किती अभिमान होता! तो अभिमान असा माझ्याच अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

तो आठवडा मी माझ्या झाडांखाली काढला. गरम वारा, गळून पडलेल्या कैऱ्या, त्यांच्यावर मुंग्या. मी वर बघत होते, पण वर काही नव्हतंच. माझ्या झाडांवर खरंच आमरीचं एक पान उरलं नव्हतं. मग मी हाताला लागतील अशा फांद्या चाचपू लागले. शेंद्र्याची एक फांदी विहिरीच्या काठावर वाकलेली आहे, तिथं मी स्वतः विळ्याने काम केलेलं होतं. बोटं फिरवता फिरवता थांबले, परत फिरवली, आणि घरात येऊन पाणी प्यायले. मी कुणाला काही बोलले नाही. रशीदालाही नाही. तिला सांगितलं असतं तर रविवारची वाट बघावी लागली नसती, अख्ख्या गावाला शनिवारीच कळलं असतं.

तिसऱ्या रविवारी समाजमंदिर भरलं. विषय होता संवर्धन, म्हणजे राखणं. पण लोक आले होते देवराव काय बोलतो ते ऐकायला. तो पुढे पुरुषांत बसला होता, टोपी मांडीवर. मॅडमने हात जोडून सांगितलं की या गावात एकच आमरी उरली आहे, जंगलातून उपटून घरी आणू नका, झाडावरची झाडावर राहू द्या. तिचं म्हणणं संपताच देवराव उठला.

"मॅडम, तुमचं भाषण चांगलं आहे. पण माह्या झाडाचा परश्न आहे. तुमी म्हणता, ते झाडात मूळ घालत नाई. बराबर? मंग उद्या सलीम चढला का उपटून दाखवा. खालची साल पाहू. साल चांगली निंगाली त तुमी खऱ्या."

"अहो काका, पण उपटलं तर ती मरेल," मॅडम म्हणाली. तिचा आवाज चढला तसं पुस्तकी बोलणं गळून पडलं. "एकच राह्यलीय! तपासायला तीच मारायची व्हय?"

"मंग मी कशावून मानू?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. शेतकरी माणूस साल बघितल्याशिवाय मानत नाही, आणि मानूही नये. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"भाऊजी, उपटाची गरज नाई. चला माह्या शेंद्र्याखाली. सगळेच चला."

भर उन्हात पाऊणशे माणसं विहिरीवर आली. काही जण नुसते गंमत म्हणून आले, ते मला माहीत आहे. मी ती वाकलेली फांदी धरली. "हे पाहा. इथून म्या बांडगूळ काढलं होतं." तिथं मुठीएवढी गाठ होती, सुजल्यासारखी, आणि गाठीच्या पुढे फांदी वाळून काडी झालेली. मग मी हात वीतभर अलीकडे, तिच्याच दुसऱ्या फाट्यावर आणला. "न इथून मागच्या वर्षी हे तुमच्या गोटीवर आहे ते काढलं. बोटं लावून पाहा."

देवरावने बोटं लावली. साल जशीच्या तशी होती. खरबरीत, सरळ, अखंड. फक्त तिच्यावर तुटलेल्या मुळांचे वाळके, पांढरे दोरे चिकटून राहिले होते, जुन्या भिंतीवर पिठाची खळ राहते तसे. त्याने नखाने एक दोरा उचलला. तो सुटून आला. खाली भोक नाही, चीक नाही, जखम नाही. फांदी पुढे हिरवी होती आणि तिला आंबे लागलेले होते.

"बांडगूळ काढाले मले विळा लागे," मी म्हटलं. "हे हातानं सोलून निघे. दर वर्षी. म्या बांडगूळ समजून काढलं न जाळलं. चुकलं माह्यं."

एवढं बोलणं मला जितकं जड गेलं तितकं माझं एकही बाळंतपण गेलं नव्हतं. पण बोलून झाल्यावर बघते तर आभाळ जागच्या जागी, विहीर जागच्या जागी, आणि रशीदा सगळ्यांच्या देखत तोंडाला पदर लावून हसत होती.

देवराव गाठीकडे आणि सालीकडे आळीपाळीने बघत राहिला. मग विचारलं, "वीस वर्ष दिसलं नाई तुमाले?"

"दिसत होतं, भाऊजी. पाह्यलं नाई."

त्याने टोपी झटकली, डोक्यावर घातली आणि गेला. मॅडमने मला हळूच विचारलं, "आजी, काय करतील ते?" मी म्हटलं, "मले काय माहीत." खरंच माहीत नव्हतं.

सोमवारी सकाळी मी आणि रशीदा त्याच्या बांधावर गेलो. सलीम वर होता. देवराव खाली उभा राहून ओरडत होता, "सलम्या, तिकडच्या दुफांगीत पाय नको देऊ! दोर अलीकडून घे! पान मोडलं त आंबे तुह्या डोक्यावर टाकीन!" त्या दिवशी बेचक्याच्या आसपासचे आंबे त्याने उतरवूच दिले नाहीत. ते पोपटांनी खाल्ले. मॅडमला मी सरपंचबाईंच्या फोनवरून एवढंच कळवलं, "राह्यली."

सलीमने बेचक्यात आपोआप गळून पडलेलं एक फूल खाली आणलं होतं. तेव्हा मी आमरीचं फूल पहिल्यांदा हातात घेऊन नीट पाहिलं. खरं सांगते, एवढा गवगवा आणि फूल दोन बोटांचं. पिवळट, हिरवट, त्यावर मातकट रेघांची जाळी, मध्ये निळसर जीभ. आमच्या अंगणातला गुलबास दिसायला बरा. पण वास घेतला आणि ते रशीदाला दिलं. वास चांगला होता, पिकल्या द्राक्षासारखा. रशीदाने ते सुकेपर्यंत वेणीत घातलं.

चार वर्षं झाली. बांडगूळ मी अजून काढते, त्याच्याशी माझं वैर आहे ते आहेच. शेंद्र्यावर आमरी अजून उगवलेली नाही. मॅडम म्हणते, धूळ उडते आहे, वर्षं लागतील. वर्षं मी कुठून आणू? उगवेल तेव्हा कुणी ती सोलून काढणार नाही एवढी सोय झाली, पुरे.

यंदा मॅडम कॉलेजच्या पंधरा-वीस पोरी घेऊन आली. गोटीखाली सतरंजी अंथरली आणि पाहुण्यांचं भाषण ठेवलं. पाहुणे म्हणजे देवराव. धुतलेलं धोतर, नवी टोपी. आम्ही दोघी मागे बसलो होतो.

"आमच्या घरात आमरीले पयलेपासूनच जपतात," तो पोरींना सांगत होता. "गावात लोकाईले समजत नव्हतं. ह्या आमच्या वहिनी बसल्या आहेत न, ह्या त पार सोलून जाळत होत्या! म्या त्याइले साल दाखवली, समजावून सांगतलं, तेव्हा कुठी थांबल्या."

पोरींनी माझ्याकडे वळून पाहिलं. काहींनी वहीत लिहूनही घेतलं. मॅडमने खाली मान घालून ओठ दाबले.

रशीदाने मला कोपर मारलं. "बोल न व! सरासर खोटं सांगून राह्यला."

"सांगू दे."

"काऊन?"

"झाड त्याचं आहे."